नीलपंखाचे छायाचित्र

(नीलपंख हा शेतशिवारात आढळणारा एक देखणा पक्षी आहे. उडत्या नीलपंखाचे छायाचित्र कसे टिपतात आणि टिपलेल्या चित्रावर मागाहून कोणते संस्कार करतात, याची माहिती या पाठात दिली आहे. चित्र सुंदर करण्याच्या भरात ते खोटे होऊ नये म्हणून छायाचित्रकाराला कोणते पथ्य पाळावे लागते, याचाही विचार येथे केला आहे.)

हिवाळ्याच्या दिवसांत माळरानातून जाणाऱ्या रस्त्याने गेल्यास विजेच्या तारेवर अगर बाभळीच्या वाळक्या फांदीवर एक पक्षी निश्चल बसलेला पुष्कळदा दृष्टीस पडतो. आकाराने तो पारव्याएवढा असतो. डोके मोठे, चोच काळसर व दणकट, पाठ मातकट, छाती तांबूस. माथ्यावर आणि मिटलेल्या पंखांच्या कडेला थोडीशी निळाई दिसते, एवढेच. वाटसरूने थबकून पुन्हा वळून पाहावे, असे त्याच्या बसण्यात विशेष काही नसते.

परंतु खालच्या गवतात एखादा नाकतोडा हालतो आणि तोच पक्षी झेप घेतो. पंख उलगडतात, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे पारणे फिटते. गडद निळा आणि फिकट आकाशी अशा रंगांचे रुंद पट्टे त्या पंखांवर झळकू लागतात. शेपटीवरही तीच निळाई पसरलेली असते. दोनचार क्षणांत भक्ष्य चोचीत धरून पक्षी आपल्या जागी परततो. पंख मिटतात आणि ते सारे वैभव पुन्हा झाकले जाते. हाच नीलपंख होय. मराठीत त्याला चास असेही म्हणतात. हिंदीत तो नीलकंठ या नावाने ओळखला जातो. कर्नाटक, ओडिशा आणि तेलंगण या राज्यांनी त्याला आपला राज्यपक्षी मानले आहे.

नीलपंखाचे खरे रूप पाहावयाचे असेल, तर तो उडत असतानाच पाहिले पाहिजे, हे यावरून ध्यानात येईल. बसलेल्या नीलपंखाचे छायाचित्र घेणे तितकेसे अवघड नाही. पण त्या चित्रात त्याचे निम्मे सौंदर्य येतच नाही. उडत्या नीलपंखाचे छायाचित्र घेणे मात्र भल्याभल्यांची कसोटी पाहणारे काम आहे.

असे का व्हावे, हे साध्या गणिताने समजते. समजा, एक पक्षी सेकंदाला १० मीटर या वेगाने उडत आहे. कॅमेऱ्यातील पडदा, म्हणजे शटर, सेकंदाच्या साठाव्या भागापुरते जरी उघडे राहिले, तरी तेवढ्यात पक्षी सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकतो. साहजिकच चित्रात पक्ष्याऐवजी एक पुसट फराटा उमटतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतेच उघडले, तर पक्षी १ सेंटिमीटर सरकतो. दोन हजाराव्या भागापुरते उघडले, तर केवळ अर्धा. शिवाय पंखांची टोके शरीरापेक्षा अधिक वेगाने हालत असतात. म्हणून उडत्या पक्ष्याचे रेखीव चित्र हवे असेल, तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतक्या, किंबहुना त्याहूनही अल्प काळासाठी उघडावे लागते. मात्र इतक्या अल्प काळात कॅमेऱ्यात प्रकाशही थोडाच शिरतो. वेग साधावा तर प्रकाश उणा पडतो आणि प्रकाश साधावा तर वेग हातचा जातो, अशी ही अडचण आहे.

या अडचणीवर मात करण्याचे प्रयत्न फार पूर्वीपासून चालू आहेत. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञांना पक्ष्याचे पंख उडताना नेमके कसे हालतात, हे जाणून घ्यावयाचे होते. मनुष्याच्या डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून १८८२ साली त्यांनी बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. नळीत भिंग बसविलेले होते आणि आत काचेची एक तबकडी फिरत असे. पक्ष्यावर नेम धरून चाप ओढला, की एका सेकंदात १२ चित्रे उमटत. प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा केवळ ७२० वा भाग पुरे होई. बंदुकीने पक्षी मारणारे पुष्कळ होते. ही बंदूक मात्र पक्ष्याच्या केसालाही धक्का न लावता त्याचे उड्डाण टिपून घेत असे. पुढे १८८४ साली जर्मनीतील ओटोमार आन्शुट्झ यांनी उडत्या करकोच्यांची छायाचित्रे घेतली, तीही नावाजली गेली. ही सर्व चित्रे कृष्णधवल होती. १९०७ साली ल्यूमिएर बंधूंनी रंगीत छायाचित्रणाच्या काचा बाजारात आणल्या. पण त्यांवर चित्र उमटण्यास इतका वेळ लागे, की उडत्या पक्ष्याचे रंग टिपणे अशक्यच होते. आजचे कॅमेरे एका सेकंदात १० ते २० चित्रे सहज घेतात आणि तीही रंगीत. तरीसुद्धा यंत्र चांगले असले म्हणजे चित्र चांगले येते, असे मुळीच नाही.

याचे कारण असे, की यंत्राला पक्ष्याचा स्वभाव ठाऊक नसतो. तो छायाचित्रकाराला ठाऊक असावा लागतो. नीलपंख भक्ष्य टिपून पुष्कळदा त्याच फांदीवर परत येतो. ही सवय ज्याला माहीत आहे, तो पक्ष्याच्या मागे धावत नाही. त्या फांदीपासून योग्य अंतरावर स्वस्थ बसून राहतो. पक्षी साधारणपणे वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात व उतरतात. म्हणून वारा आपल्या पाठीकडून वाहत असेल अशी जागा निवडली, तर पक्षी समोरून येताना दिसतो. झेप घेण्यापूर्वी तो किंचित पुढे वाकतो, मान खाली घालतो, नजर एका जागी रोखतो. ही लहानशी खूण ओळखण्यासाठी छायाचित्रकाराला डोळ्यांत तेल घालून पाहत राहावे लागते. पक्षी उडाला, की तोही कॅमेरा त्याच गतीने, त्याच दिशेने वळवीत नेतो. असे केल्याने पक्षी चौकटीत जवळजवळ स्थिर राहतो आणि मागची झाडेझुडपे तेवढी पुसट होतात. हे कसब एका दिवसात साधत नाही. शंभर चित्रे घ्यावीत तेव्हा त्यांतील एखादे मनाजोगे उतरते.

प्रकाशाच्या दिशेलाही येथे फार महत्त्व आहे आणि त्यामागे एक नवलाची गोष्ट दडलेली आहे. नीलपंखाच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच! त्याच्या पिसांच्या तंतूंत अतिसूक्ष्म पोकळ्यांची जाळी असते. सूर्यप्रकाश त्या जाळीवर पडला, म्हणजे त्यातील निळा प्रकाश तेवढा विशेषकरून परावर्तित होतो आणि पीस निळे दिसते. प्रकाश पिसाच्या पलीकडून आला, तर तेच पीस तपकिरी, काळपट भासते. म्हणून सूर्य पाठीशी ठेवून, सकाळच्या कोवळ्या उन्हात नीलपंखाचे चित्र घेणे इष्ट ठरते. दुपारच्या रखरखीत उन्हात पंखांचा वरचा भाग पांढुरका पडतो आणि पोटाखाली दाट सावली येते.

या कामी धीर लागतो, तसाच विवेकही लागतो. चांगले चित्र मिळावे म्हणून काही लोक बसलेल्या पक्ष्याला खडे मारून उडवितात, तर काही त्याच्या घरट्याशी जाऊन उभे राहतात. नीलपंख साधारणतः मार्च ते जून या महिन्यांत झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. त्या वेळी मनुष्य घरट्याजवळ घुटमळत राहिला, तर आईबाप पिलांकडे फिरकत नाहीत आणि पिले उपाशी राहतात. ब्रिटनमधील विख्यात पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग हे १९३७ साली रात्रीच्या वेळी एका घुबडाच्या घरट्याजवळ गेले असता घुबडाने त्यांच्यावर झडप घातली आणि त्यांना आपला एक डोळा गमवावा लागला. त्यांनी पुढेही आयुष्यभर पक्ष्यांची उत्तमोत्तम छायाचित्रे घेतली. घुबडाने केले ते वैराने नव्हे, तर घरट्याच्या काळजीने केले, हे विसरून चालणार नाही. छायाचित्र हे माणसाच्या हौसेचे काम आहे. घरटे हा पक्ष्याच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे. या दोहोंत प्रसंग पडल्यास कोणी माघार घ्यावी, हे निराळे सांगावयास नको.

चित्र टिपले, म्हणजे काम संपले असे होत नाही. पूर्वी छायाचित्रकार काळोख्या खोलीत बसून काचेवरील अगर फिल्मवरील चित्र कागदावर उतरवीत असे. एखादा भाग फार काळा होत असेल, तर तो प्रकाशाच्या वाटेत आपला तळहात धरी, म्हणजे तेवढा भाग उजळ राही. आज हेच काम संगणकावर केले जाते. साधने बदलली, हेतू तोच आहे. कॅमेऱ्याने केलेली मूळ नोंद, जिला छायाचित्रकार ‘रॉ’ असे म्हणतात, ती समोर घेऊन तो पुढील संस्कार करतो.

प्रथम निवड. एका झेपेची वीस चित्रे असली, तर त्यांतील डोळा स्पष्ट आलेले आणि पंख पूर्ण उलगडलेले असे एखादेच तो ठेवतो. मग तो चित्राच्या कडा कापतो. पक्षी अगदी मधोमध न ठेवता ज्या दिशेला तो उडत आहे त्या बाजूला थोडी अधिक मोकळी जागा ठेवली, तर त्याला उडावयास वाव आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. तिसरा संस्कार प्रकाशाचा. आकाश फार उजळ असल्याने कॅमेरा फसतो आणि पक्षी काळवंडून येतो. अशा वेळी सावलीतील भाग जरा उजळावा लागतो. चौथा संस्कार रंगांच्या समतोलाचा. पहाटेच्या उन्हाची पिवळी झाक सर्वच रंगांवर चढते. ती प्रमाणात आणावी लागते. प्रकाश थोडा असताना घेतलेल्या चित्रांत खसखशीसारखे दाणे दिसतात. ते कमी करणे हा पाचवा संस्कार. पण येथेही हात आवरावा लागतो. दाणे पार नाहीसे करू गेल्यास पिसांची बारीक वीणही पुसली जाते आणि पक्षी मेणाचा केल्यासारखा दिसू लागतो.

सर्वांत मोठा मोह रंगाचा असतो. संगणकावर एक खूण जरा सरकविली, की निळा रंग अधिक निळा होतो. आणखी सरकविली, की तो झगझगू लागतो. नवख्या माणसाला हा मोह आवरत नाही. परंतु निळा रंग मर्यादेपलीकडे वाढविला, तर गडद आणि फिकट पट्ट्यांमधील भेद नाहीसा होतो, पिसापिसांमधील रेषा बुजतात आणि सुंदर पंखांच्या जागी निळ्या शाईचा डाग तेवढा उरतो. ज्या सौंदर्यासाठी एवढी खटपट केली, तेच हाती लागत नाही.

मग सुधारणा कोठे संपते आणि खोटेपणा कोठे सुरू होतो? नीलपंखाच्याच उदाहरणाने हे स्पष्ट होईल. हिंदीत त्याचे नाव नीलकंठ असले, तरी त्याचा कंठ निळा नसतो. तो तांबूस असून त्यावर फिकट रेघा असतात. समजा, एखाद्या छायाचित्रकाराने नावाला शोभावे म्हणून संगणकावर त्याचा गळा आणि छाती निळी केली. चित्र कदाचित अधिक मोहक दिसेल. पण निळ्या छातीचा एक पक्षी खरोखरच आहे. तो युरोपीय नीलपंख होय. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आफ्रिकेकडे जाताना तो पश्चिम भारतातून जातो. त्याचे डोके, गळा आणि छाती फिकट निळी असते. कोणता पक्षी कोठे व केव्हा आढळला, हे ठरविताना आज पक्षितज्ज्ञ सामान्य लोकांनी घेतलेल्या छायाचित्रांचाही उपयोग करतात. वरील चित्र पाहून कोणी युरोपीय नीलपंखाची नोंद केली, तर ती नोंद खोटी ठरेल. गळ्यावरच्या एका निळ्या हातामुळे पक्ष्याची जातच बदलेल! ज्यांनी ते चित्र खरे मानले, त्यांची ही फसवणूकच नव्हे काय?

म्हणून जाणते छायाचित्रकार एक साधा नियम पाळतात. जे तेथे होते, ते स्पष्ट करावे. जे तेथे नव्हते, ते निर्माण करू नये. काळवंडलेला पंख उजळणे म्हणजे असलेली गोष्ट दिसू देणे. गळा निळा करणे म्हणजे नसलेली गोष्ट दाखविणे. पक्षी ज्या तारेवर बसला होता ती तार चित्रातून पुसून टाकावी, असेही काहींना वाटते. पण विजेच्या तारेवर बसून भक्ष्याची वाट पाहणे हा आजच्या नीलपंखाच्या जीवनाचा एक भागच झाला आहे. तार पुसली, तर त्याच्या जीवनातील एक सत्य पुसले जाते. मूळ नोंद जशीच्या तशी जपून ठेवण्याची पद्धतही याच कारणाने रूढ झाली आहे. वन्यजीव-छायाचित्रांच्या स्पर्धांत परीक्षक ती मूळ नोंद मागवून घेतात आणि चित्राशी ताडून पाहतात.

येथे दसऱ्याच्या दिवसाची आठवण होते. दसऱ्याला नीलपंखाचे दर्शन शुभ मानण्याची प्रथा देशाच्या अनेक भागांत आहे. तिचा लाभ घेऊन काही लोक या पक्ष्याला पकडतात, त्याचे पंख बांधतात आणि पैसे घेऊन त्याचे दर्शन घडवितात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये असे करणे गुन्हा आहे. पण कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी एक प्रश्न उरतोच. पिंजऱ्यातील त्या पक्ष्याला पाहून लोक पाहतात तरी काय? पंख मिटलेला, मातकट रंगाचा, भ्यालेला एक जीव. नीलपंखाची निळाई त्याच्या पंखांत आहे आणि पंख उलगडण्यासाठी त्याला आकाश मोकळे असावे लागते. जो त्याला पकडतो, त्याच्या हाती पक्षी येतो, पण ती निळाई येत नाही.

उलट, माळावर तासन् तास बसून राहणारा छायाचित्रकार त्या पक्ष्याला स्पर्शही करीत नाही. त्याच्याजवळ असते ती क्षणाच्याही दोन हजाराव्या भागाची एक आठवण. ती त्याने प्रामाणिकपणे जपली, तर ज्यांनी नीलपंख कधीच पाहिला नाही, त्यांनाही मोकळ्या आकाशातील त्या निळाईचे दर्शन घडते, आणि पक्षी आपल्या फांदीवर, आपल्या रानात, सुखाने राहतो.

शब्दार्थ

निश्चल – न हालणारा
फराटा – ओढल्यासारखी लांबट, पुसट खूण
किंबहुना – इतकेच नव्हे, तर
तबकडी – वाटोळी, चपटी चकती
कृष्णधवल – काळे-पांढरे
कसब – कौशल्य
परावर्तित होणे – आदळून मागे फिरणे
विवेक – योग्य काय व अयोग्य काय, हे ओळखण्याची बुद्धी
रूढ – प्रचारात असलेले

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बसलेला नीलपंख वाटसरूच्या नजरेत का भरत नाही?
(आ) मारे यांनी तयार केलेला कॅमेरा कोणत्या वस्तूसारखा दिसत असे?
(इ) नीलपंख अंडी कोठे घालतो?
(ई) ‘रॉ’ म्हणजे काय?

२. कारणे द्या.
(अ) उडत्या पक्ष्याचे छायाचित्र घेताना शटर अत्यंत अल्प काळ उघडावे लागते.
(आ) नीलपंखाचे चित्र घेताना सूर्य पाठीशी असावा.
(इ) संगणकावर निळा रंग फार वाढविल्यास चित्र बिघडते.

३. पाचसहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) नीलपंखाचा गळा चित्रात निळा केल्यास कोणता अनर्थ होईल?
(आ) ‘जो त्याला पकडतो, त्याच्या हाती पक्षी येतो, पण ती निळाई येत नाही.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(इ) चित्रातून विजेची तार पुसणे योग्य की अयोग्य? तुमचे मत सकारण मांडा.

४. गणित करून पाहा.
एक पक्षी सेकंदाला १५ मीटर या वेगाने उडत आहे. शटर सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरते उघडल्यास तेवढ्या वेळात पक्षी किती सरकेल?

५. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
दृष्टीस पडणे, डोळ्यांचे पारणे फिटणे, डोळ्यांत तेल घालून पाहणे, मात करणे, केसालाही धक्का न लावणे.

६. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा व समास ओळखा.
नीलपंख, जीवनमरण, आईबाप, राज्यपक्षी.

७. उपक्रम
शाळेच्या अगर घराच्या परिसरातील कोणत्याही एका पक्ष्याचे आठ दिवस दुरून निरीक्षण करा. तो कोठे बसतो, केव्हा उडतो, पंख उलगडल्यावर कोणते रंग दिसतात, यांची तारीखवार नोंद ठेवा. जे दिसले तेवढेच लिहा.